‘सॉर्ट बाय डेट’ दाबलंत, आणि जुने पेपर गेले कुठे?

पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याच्या हातून एक वाक्य हमखास उतरतं: ‘या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही.’ आरआरसीसमोर त्यावर साधा प्रश्न येऊ शकतो. शोधलंत कुठे आणि कसं? ‘गुगल स्कॉलरवर पाहिलं’ एवढंच तुमचं उत्तर असेल, तर पुढचं वाचा.

आधी स्कॉलरचं श्रेय देऊ. २००४ साली सुरू झालेली ही सेवा फुकट आहे, सगळ्या विषयांची आहे, आणि अनेकदा सारांशापलीकडे जाऊन पेपरच्या पूर्ण मजकुरात शब्द शोधते. कॉलेजला महागडे डेटाबेस परवडत नसले तरी आपलं काम सुरू होतं. माझी तक्रार आहे ती निकालांच्या क्रमाबद्दल.

स्कॉलर मुळात ‘रेलेव्हन्स’ने क्रम लावतं. त्यात मजकूर, लेखक, जर्नल आणि सायटेशन हे सगळं धरलं जातं. पण कशाला किती वजन, हे आपल्याला दिसत नाही. सायटेशनमुळे पेपर वर येतो, वर आला की जास्त वाचला जातो, आणि वाचला गेला की पुन्हा साइट होतो. हळदीतल्या करक्यूमिनचं उदाहरण घ्या. त्याचे गुण सांगणारे पेपर ढिगाने आहेत. २०१७ साली ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये एक आढावा आला. करक्यूमिन अस्थिर आहे, शरीरात नीट शोषलं जात नाही आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत फसवे निकाल देऊ शकतं, अशी त्याची मांडणी होती. आज तो भरपूर साइट होतो. पण छापून आला त्या दिवशी त्याची सायटेशन शून्यच होती ना? तुमच्या विषयातला असाच एखादा नवा पेपर आत्ता सातव्या पानावर पडलेला असू शकतो.

मग ‘सॉर्ट बाय डेट’ करू, असं तुम्ही म्हणाल. खरी गोम इथेच आहे. हे बटण सगळे निकाल तारखेनुसार लावत नाही. फक्त गेल्या वर्षभरात स्कॉलरमध्ये दाखल झालेले पेपर दाखवतं. तशी ओळ वर लिहिलेली असते, पण बारीक अक्षरांत. पाहणाऱ्याला वाटतं, क्रम बदलला. प्रत्यक्षात निकालच गळालेले असतात. सॉर्ट करणं वेगळं आणि गाळणं वेगळं. एकाच बटणात दोन्ही भरणं हा मला स्कॉलरचा सगळ्यात मोठा दोष वाटतो. शिवाय वर आकडा लाखांचा दिसला, तरी एका शोधाचे पहिले १००० निकालच उघडता येतात.

पबमेडही सुरुवातीला ‘बेस्ट मॅच’नेच क्रम लावतं. पण तिथे ‘पब्लिकेशन डेट’ निवडलं तर फक्त क्रम बदलतो, निकाल तेवढेच राहतात. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये गेलात, तर तुमच्या शब्दांचा त्याने काय अर्थ लावला तेही दिसतं: ‘टर्मरिक’ टाकलं की ते ‘करक्युमा’ही शोधतं. अर्थात पबमेड जीवशास्त्र आणि वैद्यकापुरतं आहे, आणि पूर्ण मजकुरात शोधत नाही. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

म्हणून स्कॉलर सोडू नका, पण असं वापरा:

१. ‘सॉर्ट बाय डेट’ऐवजी ‘कस्टम रेंज’मध्ये वर्षं टाका. दोन-दोन वर्षांचे तुकडे पाडले, तर नव्या पेपरची स्पर्धा नव्यांशीच होते.

२. नेमका शब्दसमूह अवतरण चिन्हांत द्या. निकाल फार आले, तर ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये ‘फक्त शीर्षकात’ हा पर्याय घ्या.

३. महत्त्वाच्या पेपरखालचं ‘साइटेड बाय’ उघडा आणि त्या यादीतच पुन्हा शोधा. विरोधी निष्कर्ष बऱ्याचदा तिथे सापडतात.

४. शब्द, पर्याय, तारीख आणि निकालांची संख्या त्याच वेळी वहीत लिहा.

ही वही असली की सिनॉप्सिसमधलं ते वाक्य बदलता येतं. ‘संशोधन झालेले नाही’ऐवजी ‘अमुक तारखेला, या दोन ठिकाणी, या शब्दांनी, या वर्षांत शोधले असता आढळले नाही’ असं लिहा. वाक्य लांबतं खरं, पण कुणी विचारलंच तर ते तुम्हाला सिद्ध करता येतं.