येत नाही, झेपत नाही, वाट नाही

इनॅबिलिटी, इन्कपॅसिटी, इन्कॉम्पिटन्स आणि डिसॅबिलिटी. इंग्रजीत या चार शब्दांची घरे वेगळी आहेत. आज सभेला येता येत नाही, ही पहिली. अज्ञान बालकाला कायद्याने करार करता येत नाही, ही दुसरी. तिसऱ्यात कौशल्यावरचा ठपका आहे आणि चौथा शब्द आता हक्कांच्या भाषेतला. मराठी अनुवादात मात्र चौघांची रवानगी पुष्कळदा ‘अक्षमता’ किंवा ‘असमर्थता’त होते, आणि मग मराठीत छटाच नाहीत अशी तक्रार ऐकू येते.

छटा आहेत. आपण त्या नामांत शोधतो. त्या क्रियापदांत आहेत. ‘मला पोहता येत नाही’ म्हणजे शिकलो नाही. ‘मला आता पोहवत नाही’ म्हणजे येते, पण अंगात त्राण नाही. बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला शेजारच्या कन्नडमुळे हे चटकन उमगते. ‘ईजक्के बरल्ल’ म्हणजे पोहायला येत नाही. ‘ईजक्के आगल्ल’ म्हणजे पोहणे होत नाही. विद्या दोन्ही भाषांत ‘येते’. ‘मी पोहू शकत नाही’ हे वाक्य हा भेद पुसून टाकते, म्हणूनच ते अनुवादकाच्या हाताला पहिले लागते.

कादंबरीतल्या आजीच्या तोंडी ‘मी जिना चढू शकत नाही’ घातले, की ती निवेदन दिल्यासारखी बोलते. ‘जिना चढवत नाही’ म्हटले, की तिचे गुडघे दिसतात.

पण जिन्याचे काय? 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या व्याख्येत केवळ शरीराची वा मनाची उणीव नाही; ती उणीव आणि अडथळे मिळून माणसाचा समाजातला बरोबरीचा सहभाग रोखतात, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे जिनाही डिसॅबिलिटीचा भागीदार. आपले शब्द हे सांगत नाहीत. ‘अपंग’ने उणीव अंगात ठेवली. ‘दिव्यांग’ने तिला गौरवले, पण ठेवले अंगातच. कर्नाटकातल्या सरकारी ‘विकलचेतन’ने ती चेतनेत नेली. तिन्ही शब्दांत माणूसच तपासला जातो, इमारत सुटते.

म्हणून नाम निवडण्याआधी अनुवादकाने वाक्याला विचारावे: हे शिकले नाही म्हणून होत नाही, झेपत नाही म्हणून, की वाटच ठेवलेली नाही म्हणून? तिसरे उत्तर आले, तर ‘अक्षम’ हा शब्द त्या माणसाला लावू नये.