मीखाएल आणि ख्रिस्त : एका समीकरणाचें परीक्षण

ख्रिस्ती धर्मांतील वादांकडे आपला सुशिक्षित मराठी वाचक बहुधा परक्याच्या घरचें भांडण म्हणून पाहतो. येशू ख्रिस्त आणि आद्यदेवदूत मीखाएल हे दोघे एकच कीं निरनिराळे, हा वाद तर त्यास निव्वळ नांवांचा घोळ वाटेल. एकच परमेश्वर अनेक नांवांनीं व रूपांनीं ओळखण्याची आपणांस पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे; तेव्हां दोन नांवें एकाचींच निघालीं तर बिघडलें काय, असें तो विचारील. आमच्या मतें पुष्कळच बिघडतें. आणि तें कसें, हें समजण्यास आपल्याच परंपरेंतील एक उदाहरण पुरेसें आहे.

माध्व संप्रदायांत हरि हा सर्वोत्तम व वायु हा जीवोत्तम मानितात. वायूचा मान केवढाही मोठा असो, तो जीवांमधला श्रेष्ठ. तो हरि नव्हे. या दोघांचें ऐक्य कोणी सांगूं लागला, तर माध्व घराण्यांतील वृद्ध तें हसण्यावारी नेणार नाहींत. उपास्य आणि उपासक यांमधील सीमाच पुसली, असें ते म्हणतील. ख्रिस्ती वादाचें मर्म नेमकें येथेंच आहे. ज्यास भजावयाचें तो स्रष्टा कीं सृष्टींतला एक, हा तेथील खरा प्रश्न. मीखाएलाचें नांव हें त्याचें केवळ निमित्त.

छत्रपति संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, वाचकांस तर हा वाद परका म्हणतां येणार नाहीं. १९८१ पर्यंत याच जिल्ह्यांत असलेल्या जालन्यास, ब्राह्मण कुळांतून ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री यांनीं एकोणिसाव्या शतकांतच मिशनचें ठाणें उभारलें. १९७७ सालीं औरंगाबाद हें कॅथॉलिकांच्या स्वतंत्र धर्मप्रांताचें केंद्र झालें. शहरांतील मुसलमान शेजाऱ्यांच्या कुराणांत मिकाईल हा फिरिश्ता जिब्रीलाच्या जोडीनें येतो, आणि ईसा हा पैगंबर म्हणून निराळा येतो. अशा शेजारांत राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसास, तुमचा येशू कोण, हा प्रश्न पोथींतला राहत नाहीं. त्याचें उत्तर त्यास मराठींतच द्यावें लागतें.

आतां मूळ पुरावा पाहूं. बायबलांत मीखाएलाचा नामनिर्देश अवघ्या पांच ठिकाणीं आहे : तीनदां दानीएलाच्या ग्रंथांत, एकदां यहूदाच्या पत्रांत व एकदां प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायांत. या नांवाचा हिब्रू अर्थ ‘देवासारखा कोण?’ असा आहे. ऐक्यवाद्यांचा आधार मुख्यतः दुहेरी. दानीएलाच्या बाराव्या अध्यायांत मीखाएल उभा राहतो आणि मृत जागे होतात. हें कार्य तर ख्रिस्ताचें. शिवाय थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत, प्रभु स्वर्गांतून उतरेल त्या वेळीं आद्यदेवदूताची वाणी ऐकूं येईल, असें सांगितलें आहे. ज्याची वाणी आद्यदेवदूताची, तोच आद्यदेवदूत, असें ते म्हणतात.

पैकीं दुसरा आधार आम्हांस लंगडा वाटतो. सेनापतीच्या ललकारीसरशी राजा दरबारांत आला, एवढ्यानें राजा हाच सेनापति ठरत नाहीं. त्याच वचनांत देवाची तुतारीही वाजते; मग प्रभूस तुतारी म्हणावयाचें काय? पहिला आधार मात्र वजनदार आहे, आणि तो उडवून लावणारे लोक वादाशीं प्रामाणिक नाहींत. तथापि त्याच दानीएलाच्या दहाव्या अध्यायांत मीखाएल हा प्रमुख अधिपतींपैकीं एक म्हटला आहे. ‘पैकीं एक’ हे शब्द ख्रिस्तास लावणें जड जातें. यहूदाच्या पत्रांतील मीखाएल सैतानास स्वतः दोष न देतां तें काम प्रभूवर सोंपवितो. शुभवर्तमानांतील येशू मात्र सैतानास आपल्याच अधिकारानें हांकलून देतो.

येथवर वाद समतोल भासेल; परंतु त्याचा इतिहास पाहतां एक चमत्कारिक गोष्ट दिसते. हें समीकरण परस्परांच्या कट्टर विरोधकांनीं मांडिलें आहे. सोळाव्या शतकांतील धर्मसुधारक कॅल्व्हिन यानें दानीएलाच्या बाराव्या अध्यायावर व्याख्यान करितांना मीखाएल म्हणजे ख्रिस्तच, हें मत स्वीकारिलें. पण ख्रिस्ताचें ईश्वरत्व त्यास पूर्ण मान्य होतें. पुण्यास औंध येथें ज्यांचें स्पायसर विद्यापीठ आहे, ते सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट लोकही हें समीकरण मानूनच ख्रिस्तास ईश्वर म्हणतात. उलट, १८७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत उगम पावलेला व १९३१ पासून ‘यहोवाचे साक्षीदार’ हें नांव धारण करणारा पंथ तेंच समीकरण मांडून म्हणतो कीं, येशू ही देवाची पहिली निर्मिति, आणि म्हणून तो देव नव्हे. कॅथॉलिक मंडळी दोघांस सर्वस्वीं निराळे मानते. दर बुधवारच्या गर्दीमुळें सर्वांस ठाऊक असलेलें माहीमचें चर्च याच संत मीखाएलाच्या नांवाचें आहे.

म्हणजे समीकरण एकच, परंतु एक पक्ष त्यानें मीखाएलास वर चढवितो, तर दुसरा ख्रिस्तास खालीं आणितो. यावरून आमचा निष्कर्ष असा कीं, या समीकरणानें स्वतः कांहींच सिद्ध होत नाहीं. इ. स. ३२५ मध्यें नायसीयाच्या परिषदेंत एरियसाचें मत नाकारलें गेलें, तें मीखाएलावरून नव्हे, तर पुत्र निर्माण केलेला आहे कीं नाहीं, या प्रश्नावरून. दाराशीं येणाऱ्या प्रचारकाशीं मीखाएलाच्या नांवावर हुज्जत घालणारे दोन्ही पक्ष बहुधा ही पायरी चुकतात.

मराठी वाचकाच्या दृष्टीनें यांत भाषांतराचाही एक मुद्दा आहे, आणि त्याचा विचार व्हावा तितका झालेला नाहीं. बायबल सोसायटीच्या रूढ मराठी भाषांतरांत ‘आद्यदेवदूत’ हा शब्द आहे. यांतील ‘दूत’ हें पद उत्तम. कारण मूळ हिब्रू व ग्रीक शब्दांचा अर्थही निरोप्या असाच आहे. दूत हें कामाचें नांव असून जातीचें नव्हे, ही कॅल्व्हिनसारख्यांची बाजू मराठींत सहज समजते. पण ‘आद्य’ या पदाविषयीं आमची तक्रार आहे. मूळ ग्रीक उपसर्गाचा येथें अर्थ पदानें श्रेष्ठ, असा आहे. तोच उपसर्ग याजकांस किंवा जक्कय जकातदारास लागतो, तेव्हां हेंच भाषांतर ‘मुख्य’ असा शब्द योजतें. मराठींत ‘आद्य’ म्हटलें कीं आद्य शंकराचार्य आठवतात, म्हणजे काळानें पहिला हा अर्थ मनांत उभा राहतो. ‘पहिला निर्मिलेला दूत’ ही एका पक्षाची संपूर्ण भूमिका अशा रीतीनें एका विशेषणांतच वाचकाच्या गळीं उतरते, आणि भाषांतरकाराच्या तें ध्यानींमनींही नसेल. ‘प्रमुख देवदूत’ असें म्हटल्यानें हा पक्षपात टळतो.

हा सारा शब्दच्छल वाटत असेल, तर पंडिता रमाबाईंचें चरित्र आठवावें. इंग्लंडांत वाँटेज येथें २९ सप्टेंबर १८८३ रोजीं, म्हणजे योगायोगानें मीखाएलाच्या सणाच्याच दिवशीं, त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण ख्रिस्त हा तारणारा हें मानूनही त्रैक्याचें सूत्र स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या. ज्यांच्या आश्रयास त्या होत्या, त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं त्यांनीं पत्रांतून दीर्घ वाद केला. तो पत्रव्यवहार १९७७ सालीं मुंबईस ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला आहे. परदेशांत, लहान मुलगी पदरीं असतां, आश्रयदात्यांची मर्जी जाण्याचा धोका पत्करून एका मराठी विदुषीनें हें विचारलें, कारण भक्ति कोणास वाहावयाची, हें दुसऱ्याच्या अधिकारावरून ठरविणें त्यांस मान्य नव्हतें. पुढें त्यांचें मत पालटलें, पण तें त्यांच्या स्वतःच्या अनुभवानें. मूळ हिब्रू-ग्रीकवरून त्यांनीं केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं बाहेर पडलें.

रमाबाईंची रीत हीच या वादांतही आम्हांस खरी वाटते. नांव एक कीं दोन हें बाजूस ठेवून वंदनाचा प्रश्न विचारावा. प्रकटीकरणांत योहान देवदूताच्या पायां पडूं लागतो, तेव्हां देवदूत त्यास थांबवितो व देवास नमन करावयास सांगतो. इब्री लोकांच्या पत्रांत मात्र देवदूतांनींच पुत्रास नमन करावें, असें म्हटलें आहे. हीं दोन स्थळें शेजारीं ठेवून जो पक्ष समाधानकारक अर्थ लावील, त्याचें म्हणणें ऐकावें. आमच्या मतें दोघांस निराळे मानणाऱ्यांस तो अर्थ सहज लावितां येतो. पुत्रास निर्मित दूत मानणाऱ्यांस ‘नमन’ या शब्दाची ओढाताण करावी लागते. त्यांचें समाधान अधिक बळकट असेल तर तें त्यांनीं मराठींत मांडावें. वाचकही तें विचारपूर्वक वाचतील, अशी आम्हांस खात्री आहे.