विमानतळावरचा नमस्कार

दर १७ सप्टेंबरला सकाळी नांदेडच्या माता गुजरीजी विसावा उद्यानात झेंडावंदन होतं. तोवर आपल्या फोनवर चार ग्रुपांमधून एक काळापांढरा फोटो येऊन पडलेला असतो. डोक्यावर रुमी टोपी, अंगात शेरवानी, हात जोडून उभा निजाम मीर उस्मान अली खान. समोर सरदार पटेल. खाली ओळ : निजाम शरण आला, १७ सप्टेंबर १९४८.

मीही तो पुढं ढकलला आहे, एकदा नाही, दोनतीन वर्षं. मग एकदा नीट पाहिला. पटेलांचेही हात जोडलेले आहेत. शरणागती म्हटली की कागद, टेबल, वर्दी, शस्त्रं असलं काहीतरी दिसावं. इथं दिसतात ते एक यजमान आणि एक पाहुणा.

आणि तसंच आहे ते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी पटेल हैदराबादेत नव्हतेच. १३ तारखेला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ला निजामानं माघार घेतली आणि संध्याकाळी रेडिओवर तसं जाहीर केलं. म्हणजे आपण ज्याला शरणागती म्हणतो ती लोकांनी ऐकली, कुणी पाहिली नाही. पटेल हैदराबादला आले फेब्रुवारी १९४९ मध्ये, पाच महिन्यांनी. बेगमपेठ विमानतळावर निजाम त्यांच्या स्वागताला गेला. फोटो त्या स्वागताचा. हा 'शरण आलेला' राजा पुढं २६ जानेवारी १९५० रोजी त्याच हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला, हेही त्या ओळीत कुठं मावत नाही.

शरणागतीचा खराखुरा फोटो आहे. १८ सप्टेंबरचा, सिकंदराबादजवळचा. निजामाच्या फौजेचे प्रमुख मेजर जनरल एल इद्रूस हे मेजर जनरल जयंतनाथ चौधुरींपुढं शरणागती देताहेत. पण तो कुणी पाठवत नाही. का, ते दोन्ही फोटो शेजारी ठेवले की कळतं. इद्रूस आणि चौधुरी दोघंही लष्करी गणवेशातले, जवळपास सारखे. नावं माहीत नसतील तर कोण हरलं ते सांगता येत नाही. बेगमपेठच्या फोटोत मात्र राजा आहे, लोहपुरुष आहे, जोडलेले हात आहेत. गोष्ट तयारच असते, तारीख तेवढी बदलायची.

पाच महिन्यांची तर चूक, एवढं काय, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ही ओळ सगळा लढा दोन माणसांच्या नमस्कारात बसवते, आणि त्या चौकटीत मराठवाडा नाही. अर्जापूरला १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे मारले गेले, ते नाहीत. जानेवारी १९४८ मध्ये उमरीची बँक लुटून तो पैसा लढ्याला देणारी पोरं नाहीत. उदगीरजवळच्या हत्तीबेटावर रझाकारांशी झुंजलेले नाहीत. स्वामी रामानंद तीर्थ तर १७ सप्टेंबरलाच तुरुंगातून सुटले. विमानतळावर उभं राहायला यांच्यापैकी कुणाला बोलावलेलं दिसत नाही.

लातूरही नाही. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरात वकिली करायचा, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या माणसांनी गावोगाव काय केलं, ते आजही घराघरांत सांगितलं जातं, आणि सांगायलाच हवं. पण १९४८च्या अखेरीस भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं त्यानंतरचंही लिहून ठेवलंय. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर सगळ्यात जास्त झळ बसली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. श्रीमंत कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची ही मोठी पेठ, आणि तिथं वीसहून जास्त दिवस कत्तल चालली होती. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समितीला जेमतेम तीन हजार सापडले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे जीव घेऊन पळालेले. अहवाल कितीतरी वर्षं बंदच राहिला.

त्या वीस दिवसांचा एकही फोटो माझ्या फोनवर कधी आलेला नाही. वर्षातून एकदा येतो तो हा नमस्कार, आणि तो इतका नेटका आहे की त्याच्या अलीकडचं-पलीकडचं विचारावंसंच वाटत नाही. फोटो खोटा नाही, हे मुद्दाम सांगतो. कुणी जोडकाम केलेलं नाही. खालच्या एका ओळीनं त्याच्याकडून दुसऱ्याच दिवसाची साक्ष काढून घेतली आहे.

गेल्या वर्षी घरच्या ग्रुपवर मामांनी तो टाकला. मी लिहिलं, "मामा, हा फेब्रुवारी १९४९चा आहे, स्वागताचा."

"मग काय, शरण आला नव्हता का तो?"

"आला होता. रेडिओवर."

"मग शरणागतीचा फोटो दाखव."

मी इद्रूस आणि चौधुरींचा पाठवला. बराच वेळ निळ्या टिका नुसत्याच दिसत राहिल्या. मग मामांचं उत्तर आलं, "ह्यात निजाम कुठाय?"