सांत्वनाला यायचे कोणी?

युद्धावरचे नाटक म्हटले की तोफांचे आवाज आणि वीरश्रीची भाषणे यांची आपण वाट पाहतो. पीटर व्हेलन यांचे १९८१ साली रंगभूमीवर आलेले ‘दि अ‍ॅक्रिंग्टन पाल्स’ हे इंग्रजी नाटक मात्र आपल्याला भाजीच्या एका गाड्यापाशी उभे करते.

अ‍ॅक्रिंग्टन हे लँकेशायरमधले कापडगिरण्यांचे गाव. एकत्र भरती झालात तर एकत्रच ठेवू, असे आश्वासन मिळाले आणि १९१४ साली तिथल्या व शेजारच्या गावांतल्या तरुणांची एक पलटण उभी राहिली. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत तिचे सुमारे ७०० जवान पुढे सरसावले. अर्ध्या तासात ५८४ जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. शेजार एकत्र गेला, म्हणून दुःखही एकदमच घरोघर शिरले.

नाटककाराची खरी पकड आहे ती मागे राहिलेल्या स्त्रियांवर. टॉमवरचे प्रेम ओठांवर येऊ न देणारी मानी मे आणि बातमीसाठी जाब विचारायला निघणाऱ्या तिच्या शेजारणी मनात घर करतात. त्यांना कोणी काही सांगत नाही, यातच खरे क्रौर्य आहे. मात्र स्वप्नवत् दृश्यात रणभूमी मेसमोर अवतरते, तेव्हा नाटककाराचा संयम सुटल्यासारखा वाटतो. ओस पडलेल्या गल्लीने ते अधिक साधले असते.

गिरणगावातल्या चाळी पाहिलेल्या वाचकाला हे जग परके नाही. एका घरचा दिवा विझला तर शेजारी धावून येतात. पण सगळ्याच घरांचे दिवे एकदम विझले, तर सांत्वनाला यायचे कोणी?