बर्फावरचा नाच आणि समोरचा शाहीर

बर्फनृत्य, म्हणजे आइस डान्सिंग, १९७६ साली ऑलिंपिकमध्ये आले. एक स्त्री आणि एक पुरुष पात्यांच्या बुटांवर नाचतात. जोडी-स्केटिंगमधल्या फेकी आणि मोठ्या उड्या यात नाहीत. पावलांची सफाई, ताल आणि दोघांचा मेळ यांना गुण मिळतात.

२०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये एका फेरीचा विषय होता लोकनृत्य. अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस-चार्ली व्हाइट यांनी ‘देवदास’ आणि ‘बंटी और बबली’मधल्या गाण्यांवर नाच केला आणि स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. रशियाच्या ओक्साना डोम्निना-मॅक्सिम शाबालिन यांनी ऑस्ट्रेलियातील आदिवासींचा नाच घेतला. आदिवासी नेत्यांनी जाहीर आक्षेप घेतला. पोशाखात फेरफार झाले, पण नाच तोच राहिला. या जोडीला कांस्यपदक मिळाले.

स्पर्धेमुळे लोककला बाटते, असे अशा वेळी म्हटले जाते. महाड-पोलादपूरची जाखडी पाहणाऱ्याला ते पटणार नाही. शक्ती-तुऱ्याचा सामना ही स्पर्धाच असते. गायक-वादक मध्ये, नाचणारे भोवती गोल धरून. एका शाहिराने सवाल टाकला की दुसऱ्याला जबाब द्यावाच लागतो.

फरक पडतो तो दुसरीकडे. जाखडीत पाय जमिनीवर आपटतो, चाळ वाजतात. पात्याला घसरतच राहावे लागते. म्हणून डेव्हिस-व्हाइट यांच्या नाचात भारत दिसतो तो हातांत, मानेत, नजरेत. पायांत तो नाही. शिवाय त्यांनी घेतला तो सिनेमाचा नाच. तो मुळातच मिसळणीचा, त्याला आणखी एक मिसळण सोसते. आदिवासींच्या नाचाचे तसे नाही. तो ज्यांचा, ते रिंगणात नव्हते. त्यांनी सवाल केला तो रिंगणाबाहेरून, आणि गुण देणाऱ्यांच्या तक्त्यात त्या सवालाला रकाना नव्हता.

रशियन जोडीला नावे ठेवणे सोपे आहे. पण आपणही ठरावीक मिनिटांच्या लोकनृत्य-स्पर्धेत जाखडी बसवतो, तेव्हा कपडे, गोल आणि ठेका ठेवतो, सवाल-जबाब गाळतो. समोरचा शाहीर नसेल, तर उरते ती कवायत. परीक्षकांनी पहिला गुण त्या शाहिराच्या जागेला द्यावा, असे माझे मत आहे.