पासष्टच्या आधीचं

बेस गिटार वाजवणारा माणूस फार सोशिक असतो. गाणारा पुढे, लीड गिटारवाला त्याच्या बाजूला केस झटकतोय, ड्रमवाला मागे असला तरी उंच चौथऱ्यावर. आणि बेसवाला? तो पडद्याच्या कडेला, अर्धा फोटोत, अर्धा बाहेर. लग्नाच्या ग्रुप फोटोत नवऱ्यामुलाचा धाकटा काका उभा असतो तसा. टाळ्या पडतात त्या दुसऱ्यांसाठी. मात्र तो मधेच थांबला, तर समोरच्या दोनशे माणसांपैकी एकालाही नेमकं काय गेलं हे सांगता येत नाही. फ्रिजची घरघर थांबल्यावर घर एकदम पोकळ वाटतं ना, तसं काहीतरी होतं खरं.

असा हा गरीब गाईसारखा माणूस. पण त्याच्यासारखेच आणखी तिघे त्याला भेटू द्या, मग बघा.

माझा एक भाचा या पंथातला आहे. आठवडाभर बँकेत कर्जाच्या फायली तपासतो. रविवारी सकाळी त्याच्याकडे एक डेंटिस्ट, एक आर्किटेक्ट आणि एक कॉम्प्युटरवाला असे तिघे जमतात. चौघांकडे मिळून बेस गिटारी नऊ. बहिणीच्या हातच्या पोह्यांसाठी मीही तिथे हजेरी लावतो. गेली तीन वर्षं ही चर्चा ऐकतो आहे, तेव्हा तिच्यावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला पोचतो. शिवाय मला कुठलंच वाद्य वाजवता येत नाही. म्हणजे समीक्षकाची मुख्य पात्रता माझ्यापाशी आहेच.

पहिली गोष्ट ही, की या बैठकीत बेस वाजत नाही. वाद्यं आपापल्या पेट्यांत निजलेली असतात. बोलणं चालतं ते सालांवर. ‘अठ्ठावन्नचा’, ‘बासष्टचा’, ‘त्रेसष्टचा, पण रंग नंतरचा’. पहिल्या रविवारी मला वाटलं, कॉलेजातल्या मुलींच्या बॅचेस चालल्या आहेत. मग कळलं की पंथातला सर्वोच्च शब्द आहे ‘पासष्टच्या आधीचं’. हा उच्चारताना डेंटिस्टचा आवाज खाली येतो. आपल्याकडे ‘पेशवेकालीन’ म्हणताना येतो तसा.

पासष्ट का, ते सांगायला हवं. लिओ फेंडर नावाचा एक गृहस्थ कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करायचा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. (पात्रतेबद्दल मी वर म्हणालोच.) त्या काळी बेस म्हणजे माणसाहून उंच असा लाकडी डबल बेस, टॅक्सीत मावायचा नाही आणि चार ट्रंपेट सुरू झाले की ऐकू यायचा नाही. १९५१ साली फेंडरने तो आडवा करून गळ्यात अडकवला, विजेवर चालवला आणि पट्टीवर सतारीसारखे पडदे बसवले. पडद्यामागे बोट पडलं की सूर नेमका, म्हणून नाव ठेवलं प्रिसिजन बेस. दांडी धडाला चार स्क्रूंनी जोडलेली. खराब झाली तर काढा, दुसरी लावा. शिवणयंत्रासारखी साधी, कामाची, कारखान्यात होणारी वस्तू. १९६० साली त्याचं धाकटं भावंड आलं, जॅझ बेस. आणि जानेवारी १९६५ मध्ये फेंडरने आपला कारखाना सीबीएस या बड्या कंपनीला एक कोटी तीस लाख डॉलर्सना विकून टाकला.

झालं. इतिहासाचे दोन भाग पडले. विक्रीच्या आदल्या दिवशी जो कारागीर दांडी घासत होता तोच दुसऱ्या दिवशीही घासत होता. लाकूड तेच, रंग तोच, डबाही बहुधा तोच. पण आदल्या दिवशीची दांडी सोवळ्यातली आणि दुसऱ्या दिवशीची ओवळ्यातली. पंथाची तक्रार अगदीच खोटी आहे असं मी म्हणत नाही. नव्या मालकांकडे पुढे काम ढिसाळ होत गेलं, सत्तरीच्या दशकातले काही बेस तर पाट्या-वरवंट्याच्या वजनाचे निघाले. मात्र ढिसाळपणा हळूहळू आला. कॅलेंडरचं पान उलटून आला नाही. हे मी एकदा म्हणालो तर आर्किटेक्ट म्हणाला, “काका, तुम्हाला कान असते तर असं बोलला नसतात.” कान आहेत की, म्हणूनच तर विचारतोय की बेस पेटीत का?

विकत घ्यायचा बेस खरोखरच पासष्टच्या आधीचा आहे हे ठरवायची रीत मोठी मजेची आहे. चार स्क्रू काढून दांडी धडापासून वेगळी करतात. तिच्या बुडाशी कारखान्यातल्या माणसाने पेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्क्याने उठवलेली तारीख असते. मग आवाज कमीजास्त करण्याच्या बटणांखालचे आकडे वाचतात. सुरुवातीला १३७ असेल तर बनवणारी कंपनी एक, ३०४ असेल तर दुसरी, आणि पुढच्या आकड्यांत साल आणि आठवडा. डाग दिलेले सांधे पुन्हा कोणी वितळवलेले नाहीत ना, हे भिंगातून बघतात. दांडी एका सालची आणि धड दुसऱ्या सालचं निघालं तर चेहरे पडतात. मी तीन मुलींची लग्नं जमवली. एकाही व्याह्याने इतकी बारकाईने पत्रिका पाहिली नव्हती. आणि गंमत अशी, की इतकं सगळं झाल्यावर स्थळाने एक सूर काढून दाखवावा असं कोणाच्या मनातही येत नाही.

रंगाचं तर विचारूच नका. फेंडरचे खास रंग म्हणजे मोटारींचे रंग. फिएस्टा रेड हा फोर्डच्या थंडरबर्ड गाडीचा. जुन्या वाद्यावर कोणी नवा हात मारला की किंमत निम्म्यावर येते, असा बाजारातला ठोकताळा. म्हणजे खरचटलेलं, पोपडे उडालेलं वाद्य महाग आणि नीट ठेवलेलं, पॉलिश केलेलं स्वस्त! ही अक्कल खुद्द फेंडर कंपनीलाही १९९५ च्या सुमाराला आली. तेव्हापासून ती नव्या कोऱ्या गिटारी मुद्दाम घासून, ओरखडे काढून, लोखंडाला गंज चढवून जास्त किमतीला विकते. आमची बहीण भाच्याला म्हणाली, “एवढंच होतं तर नवीन आणून दोन महिने आपल्या कामवालीच्या ताब्यात द्यायची होतीस.”

आता या सगळ्या पत्रिकावाल्यांचा देव कोण, तर जाको पास्टोरियस. आणि या देवाने काय केलं? त्याच्याकडे १९६२ चा जॅझ बेस होता. पासष्टच्या आधीचा, सोवळ्यातला. त्याच्या पट्टीवरचे पडदे गेले, खाचा भरून काढल्या आणि वरून बोटींना लावतात ते इपॉक्सीचं लुकण फासलं. आज कोणी असं केलं तर आमच्या डेंटिस्टला सलाईन लावावं लागेल. फेंडरने ज्या पडद्यांसाठी एवढा खटाटोप केला, तेच जाकोला नको होते. त्याला सुरांमधून घसरायचं होतं, मींड घ्यायची होती. त्याची १९७६ ची पहिली तबकडी ऐका. सुरुवातीलाच ‘डॉना ली’ हे चार्ली पार्करच्या सॅक्सोफोनच्या जमान्यातलं भलतं अवघड गाणं तो बेसवर वाजवतो, साथीला फक्त काँगा. आपल्या कानाला ते परकं वाटत नाही. सारंगी ऐकलेल्या माणसाला तो बेस बोलतोय हे लगेच कळतं. शेवटच्या वर्षांत बिचाऱ्याचं डोकं ताळ्यावर राहिलं नाही. १९८६ साली न्यूयॉर्कच्या एका बागेतून तो बेस चोरीला गेला, १९८७ साली एका क्लबबाहेर झालेल्या मारहाणीत जाको गेला. वय पस्तीस. बेस मात्र वीस वर्षांनी सापडला, त्यावर वाद झाला, आणि शेवटी मेटॅलिकाचा बेसवादक रॉबर्ट त्रुहियो मधे पडला तेव्हा तो वाद मिटला. पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये जेमतेम तीस पौंडांना घेतलेला हॉफनरही असाच १९७२ साली व्हॅनमधून गेला आणि शोधपथक वगैरे लागून २०२४ मध्ये परत आल्याचं जाहीर झालं. दोन्ही वेळा आमच्या पंथाने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

तिसरा चोरीचा बेस अजून सापडलेला नाही. तो जेम्स जेमरसनचा.

जेमरसन हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्याला ऐकलंत. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची साठीच्या दशकातली बहुतेक गाजलेली गाणी घ्या, सुप्रीम्सची, फोर टॉप्सची, मार्विन गेची. खाली तो आहे. एका घराच्या तळघरवजा स्टुडिओत बसून तो उजव्या हाताच्या फक्त एका बोटाने वाजवायचा. त्या बोटाला दोस्तांनी ‘हूक’ असं नावच दिलं होतं. १९६२ चा प्रिसिजन, जाडजूड तारा, त्याही तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत. तारांवरच्या मळातच आवाज आहे असं त्याचं मत. (आमचा कॉम्प्युटरवाला दर महिन्याला तारा बदलतो. वाजवतो कधी, विचारू नका.) ‘बर्नाडेट’ हे १९६७ चं गाणं लावा आणि गाणाऱ्याकडे साफ दुर्लक्ष करा. दुसरा बेसवाला जिथे षड्ज धरून इमानेइतबारे ठोके देत बसला असता, तिथे हा मधल्या सगळ्या पायऱ्यांना पाय लावतो, ठोक्याच्या अलीकडे पलीकडे पडतो, आता चुकला वाटेपर्यंत लांब जातो आणि समेवर असा येतो की जणू कुठे गेलाच नव्हता. गाणं वर रडतंय आणि खाली हा त्याला हाताला धरून चालवतोय. बेस म्हणजे साथ, हे जे आपण धरून चालतो ते या तीनेक मिनिटांत मोडीत निघतं.

आणि तबकडीवर नाव? नाही. मोटाउनने वादकांची नावं छापायची पद्धतच ठेवली नव्हती. १९७१ साली मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर ती आली, तोपर्यंत दहा वर्षं उलटून गेली होती. पुढे कंपनी कॅलिफोर्नियाला गेली, जेमरसनही मागोमाग गेला, पण तिथे त्याचं बस्तान काही बसलं नाही. दारू होतीच. मार्च १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविशीचा तो प्रसिद्ध सोहळा झाला, ज्यात मायकेल जॅक्सनने मूनवॉक केला. त्याला जेमरसन गेला होता, स्वतः तिकीट मिळवून. बसला होता बाल्कनीत. त्याच वर्षी २ ऑगस्टला तो वारला, सत्तेचाळिसाव्या वर्षी. बेस त्याच्या आधी काही दिवसच चोरीला गेला होता.

मला सांगा, त्या बाल्कनीत आमच्या पंथातला एक जण शेजारी बसला असता तर त्याने जेमरसनला काय विचारलं असतं? मला खात्री आहे. “तारा कुठल्या?”

तरी मी सरसकट झोडपणार नाही. जेमरसनचं नाव वर काढलं तेही अशाच एका वेड्याने. ॲलन स्लट्स्की नावाचा गिटारवाला, तोही बेसवाला नव्हे, जेमरसनच्या घरच्यांकडे गेला, साथीदारांकडे गेला, एकेक ओळ कानाने ऐकून कागदावर उतरवली आणि १९८९ साली त्याचं पुस्तक काढलं. त्यावरून २००२ साली चित्रपट निघाला. मधे २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदारांसाठी वेगळा मान सुरू केला, त्यात जेमरसनचं नाव पहिल्याच वर्षी आलं. स्लट्स्कीलाही तारा कुठल्या, घोडीखाली फोमचा तुकडा कसा, हे सगळं ठाऊक आहे, त्याच्या पुस्तकात ते आहेही. फरक इतकाच, की तो ‘कशावर’ विचारून थांबला नाही. त्याने ‘कोणी’ आणि ‘कसं’ विचारलं. आमच्या रविवारच्या बैठकीला हे दोन शब्द वर्ज्य आहेत.

ही काही फक्त अमेरिकेची गोष्ट नाही. आपल्या हिंदी सिनेमाच्या तबकड्यांवर गायक, संगीतकार, गीतकार, झालंच तर सिनेमाचं नाव. मुंबईच्या स्टुडिओंत नोटेशन लिहिणारे आणि वाजवणारे ते सगळे गोवेकर कुठे गेले? राहुलदेव बर्मनच्या गाण्यांत टोनी वाझचा बेस आपण वर्षानुवर्षं ऐकला. पानाच्या गादीवर ऐकला, गणपतीत लाउडस्पीकरवर ऐकला. नाव किती जणांना माहीत? चरणजित सिंग हे दुसरे, रेकॉर्डिंगांत गिटार, बेस, सिंथेसायझर सगळं वाजवणारे. त्यांची तर कथाच निराळी. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ साली एक छोटं यंत्र काढलं, टीबी-३०३. बेसवाल्याऐवजी हे वाजवा, म्हणजे त्याचे पैसे वाचतील, हा त्यामागचा उदात्त हेतू. कोणी घेतलं नाही. १९८४ मध्ये ते बंद पडलं. चरणजित सिंगांनी मात्र ते घेतलं आणि १९८२ साली त्यावर दहा रागांची एक डिस्को तबकडी केली. तिच्याकडेही कोणी बघितलं नाही. पुढे पाश्चात्त्य नाचगाण्यात त्या यंत्राचं वेड लागलं, संग्राहक त्याच्या मागे धावले आणि धावता धावता त्यांना ही तबकडी सापडली. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, सत्तरीच्या गृहस्थांना परदेशात कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ साली ते मुंबईत वारले. यंत्राच्या वेडाने माणूस हाती लागल्याचं हे माझ्या माहितीतलं एकमेव उदाहरण.

हे सगळं मी एका रविवारी बैठकीत सांगितलं. पोहे संपले होते, म्हणून ऐकलं. भाचा जरा गप्प झाला. मग मी घरातली एक जुनी रेकॉर्ड पुढे केली आणि विचारलं, “आता यातला बेस ऐका आणि सांगा, कोणी वाजवला असेल?”

डेंटिस्टने डोळे मिटले, मान हलवली, दोन अंतरे होईपर्यंत मन लावून ऐकलं.

“काका,” तो म्हणाला, “कोणी ते नाही सांगता येणार. पण बेस पासष्टच्या नंतरचा आहे.”