न घेतलेले घर

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीने जुळे सोलापुरात फ्लॅट बुक केला. आमच्या घराण्यातला हा पहिलाच. करारनाम्याचा मसुदा वाचून द्यायचे काम माझ्याकडे आले, कारण घरात 'वाचणारा माणूस' म्हणजे मी. मी वकील नाही, प्राध्यापकही नाही. टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षे हिशेब लिहिले आणि संध्याकाळी हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून हाती लागेल ते वाचले, एवढीच माझी पात्रता. मसुदा चाळीस पानांचा होता. तो वाचता वाचता मनात आले की, मराठी माणूस आयुष्यभराची कमाई ज्या एका खरेदीत ओततो, तिची गोष्ट मराठी साहित्यात कुठे आहे?

घरे आपल्या साहित्यात भरपूर आहेत. पण ती बहुतेक ढासळणारी, गमावलेली किंवा दाटीवाटीची. 'वाडा चिरेबंदी'त वाडा खचतो. 'अधांतर'मध्ये गिरणी संपावर जाते आणि खोलीतल्या माणसांच्या पायाखालची जमीन सरकते. पुलंची 'बटाट्याची चाळ' १९५८ची. तिच्यावर आपण सगळ्यांनीच मनापासून प्रेम केले आहे. पण त्या प्रेमाचा एक परिणाम झाला, त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. त्यानंतरच्या मराठी लेखनात चाळ म्हणजे माणुसकी आणि ब्लॉक म्हणजे बंद दार, असे एक समीकरण रूढ झाले. ब्लॉकमधली माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, शेजारी मेला तरी कळत नाही, हे इतक्या कथांतून इतक्या वेळा आले की फ्लॅट घेणारे पात्र आले की वाचक आधीच त्याच्याकडे संशयाने पाहू लागतो.

या समीकरणाशी माझे भांडण आहे. चाळीची हुरहूर बहुधा चाळ सोडून गेलेल्यांनीच लिहिली. निखिल राव यांनी मुंबईच्या उपनगरांतल्या अपार्टमेंटवर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकात एक साधी गोष्ट दाखवून दिली आहे. दादर-माटुंग्याच्या मध्यमवर्गाने फ्लॅट स्वीकारला, त्यात घराच्या आतल्या स्वतंत्र संडासाचा वाटा फार मोठा होता. रात्री एकटीने गॅलरीच्या टोकाला जावे न लागणे, पाण्यासाठी रांग न लावणे, या गोष्टी बाईच्या दृष्टीने क्रांतीच होत्या. आपल्या चाळ-वाङ्मयात संडासाची रांग आहे, पण ती विनोदाच्या खात्यावर जमा आहे. रांगेत उभ्या असलेल्या सुनेच्या नजरेने ती लिहिली गेली असती, तर ब्लॉककडे आपण वेगळ्या नजरेने पाहिले असते.

हा विषय सिनेमाने आपल्या आधी ओळखला. राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' १९७०चा. नवे जोडपे, भरलेले घर आणि दोघांना निवांतपणे बोलायलाही जागा नाही. बासू चटर्जींनी १९७२ मध्ये त्याचाच 'पिया का घर' केला. पुढे १९७७ साली भीमसैन यांचा 'घरोंदा' आला. एकाच ऑफिसातले दोघे फ्लॅटसाठी पैसे साठवतात, बिल्डर ते घेऊन पसार होतो आणि त्या एका खरेदीपायी त्यांचे प्रेम वेड्यावाकड्या वाटेला लागते. शंकर शेष यांची ही कथा हिंदी. पण अमोल पालेकर, श्रीराम लागू, मुंबईतली नोकरी, लोकल आणि भाड्याची खाट हे सगळे आपल्या अंगणातले. ती मराठीत का लिहिली गेली नाही, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

मसुद्याच्या पहिल्या पानांवर १९६३चा मोफा कायदा नमूद होता. मालकी हक्काचे फ्लॅट बांधून विकणाऱ्यांना वेसण घालणारा हा महाराष्ट्राचा कायदा. बांधकाम व्यावसायिकाने जमिनीची मालकी आणि मंजूर नकाशे दाखवावेत आणि करार करण्याआधी वीस टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ नये, असे त्यात होते. म्हणजे लोक त्याआधीच इतके फसले होते की सरकारला कायदा करावा लागला. तेच साल जयवंत दळवींच्या 'चक्र'चे आणि बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती'चे. एका वर्षात तीन मजकूर आले : एक झोपडपट्टीवर, एक जात लपवून मिळालेल्या खोलीवर आणि एक फ्लॅटवर. पहिल्या दोघांनी मराठी साहित्याला वळण दिले. तिसरा राजपत्रातच राहिला, त्याला लेखक मिळाला नाही.

मग ती मोकळी जागा भरली कोणी? माहितीपत्रकांनी. गेल्या पंचवीस वर्षांत मी सोलापुरातल्या गृहप्रकल्पांची माहितीपत्रके एका पत्र्याच्या ट्रंकेत साठवली आहेत. बायको तिला 'तुमची इस्टेट' म्हणते. या मजकुरांना मी साहित्यप्रकार मानतो आणि तसेच वाचतो. त्यांची पहिली खूण म्हणजे क्रियापदाचा दुष्काळ. 'प्रशस्त बाल्कनी. निसर्गरम्य परिसर. शाळा, दवाखाना हाकेच्या अंतरावर.' वाक्यात क्रियापद नसले की काळ नसतो, आणि काळ नसला की वचनही नसते. दुसरी खूण नावांची. ट्रंकेत इंग्रजी, संस्कृत आणि देवादिकांची नावे आहेत. एकही तेलुगू नाव नाही आणि कानडीही नाही. ज्या शहरात मी घरात तेलुगू, शाळेत मराठी, कारखान्यात कानडी आणि उर्दू बोलत मोठा झालो, त्या शहरातल्या इमारतींना त्यातल्या दोन-तीन भाषा येतच नाहीत. तिसरी खूण पाणी. सोलापुरात नळाला वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड पाणी येत असे. ते शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या उजनीहून आणावे लागते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी जवळपास प्रत्येक पत्रकावर 'चोवीस तास पाणी' आहे. ते बोअरचे की टँकरचे, याचा खुलासा नाही. वास्तववादी कादंबरीकाराने असे लिहिले असते तर समीक्षकांनी त्याला सोलून काढले असते.

१ मे २०१७ पासून महाराष्ट्रात रेरा लागू झाला आणि माझ्या ट्रंकेतला मजकूर डोळ्यांदेखत बदलला. आधी 'सुपर बिल्टअप' नावाचा एक फुगवलेला आकडा असे. त्यात जिना, लॉबी आणि भिंतीची जाडीही धरलेली असे. आता चटई क्षेत्र सांगणे भाग पडले. जाहिरातीवर महारेराचा नोंदणी क्रमांक आला. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. विशेषणे तशीच राहिली, पण त्यांच्या मधोमध एक खरा आकडा उभा राहिला. कायद्याने केलेले इतके चांगले संपादन मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

करारनाम्याची भाषा मात्र या सगळ्याहून जुनी आहे आणि, मला विचाराल तर, सुंदर आहे. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार', अशी दोनच पात्रे. मग चतुःसीमा : पूर्वेस रस्ता, पश्चिमेस मोकळी जागा, दक्षिणेस जिना. आमच्या वडिलांनी साखर पेठेतली जागा घेतली तेव्हाचे खरेदीखत मी जपून ठेवले आहे. त्यात जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह अशी जुन्या दस्तांतली ठरावीक साखळी आहे. जमिनीवर उगवलेले गवत आणि जमिनीत पुरलेला ठेवा, सगळेच घेणाऱ्याचे. मुलीच्या फ्लॅटच्या मसुद्यात त्या जागी सामायिक जिना, गच्ची, लिफ्ट आणि जमिनीतला 'अविभक्त हिस्सा' आहे. साखर पेठेत निधी निघाला असता तर तो आमचा होता. तिसऱ्या मजल्यावर निधी कसला निघणार? एका शब्दसाखळीच्या जागी दुसरी आली आणि मालकी या शब्दाचा अर्थ बदलला. तरी आपण दोन्हीला 'आपलं घर' म्हणतो. खुले किंवा स्टिल्टखालचे पार्किंग वेगळे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले आहे. आमच्या मसुद्यात त्याच्या किमतीला दुसरेच नाव होते. मी त्यावर पेन्सिलीने खूण केली आणि ते कलम निघाले. माझ्या समीक्षेचा रोख उपयोग झाला तो तेवढाच.

साइटवरच्या ऑफिसात दोघांना चहा मिळाला. विक्री पाहणाऱ्या तरुणाने आडनाव विचारले, मग पेठ विचारली, मग घरी मांसाहार असतो का ते विचारले. 'पूर्वभागातून बरेच लोक चौकशीला येतात, पण आमच्याकडे सगळी एकसारखी फॅमिली आहे काका,' असे तो अगदी आदराने म्हणाला. मुलगी म्हणाली, 'आम्हीपण फॅमिलीच आहोत.' तो हसला आणि व्यवहार पुढे सरकला. पण परतताना रिक्षात मी बागुलांचीच गोष्ट आठवत बसलो. त्या नायकाला रेल्वेची नोकरी मिळते, परगावी खोली मिळते, आणि जात उघड होताच मार बसतो. मार खाणाऱ्याच्या शेजारी बसण्याची माझी लायकी नाही, हे मला कळते. मला फक्त एक प्रश्न विचारला गेला. पण चाळीस पानांच्या मसुद्यात तो प्रश्न कुठेच नव्हता. तो तोंडी, चहासोबत आला. म्हणूनच कायद्याच्या संपादनाला तो सापडत नाही आणि म्हणूनच तो कथेत यायला हवा. पहिल्या फ्लॅटची मराठी कथा कोणी लिहिली तर ती बहुधा त्या चहापासून सुरू करावी लागेल.

सोलापुरापुरते बोलायचे तर या गोष्टीची मोठी आवृत्ती शहराबाहेर कुंभारीच्या माळावर आहे. २००६ मध्ये विडी कामगार स्त्रियांसाठी तिथे दहा हजार घरांची वसाहत झाली. तिला नाव दिले गोदूताई परुळेकरांचे. म्हणजे 'जेव्हा माणूस जागा होतो'च्या लेखिकेचे. लेखिकेचे नाव दिलेली एवढी मोठी वसाहत आपल्याकडे असताना एकाही साहित्य संमेलनात तिच्यावर चर्चा झालेली मी ऐकली नाही. तिथेच पुढे रे नगर उभे राहिले. तीस हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावरच्या, कचरा वेचणाऱ्या माणसांची ही पहिली पक्की घरे, सुमारे तीनशे चौरस फुटांची. प्रधानमंत्री आवास योजनेच्या अटीप्रमाणे घर बाईच्या नावे किंवा तिच्या सहमालकीचे. या घरांचे एकही चकचकीत माहितीपत्रक माझ्या ट्रंकेत नाही. मोर्चे होते, निवेदने होती, हप्त्याच्या पावत्या होत्या. 'घरोंदा'मधल्या दोघांना जे जमले नाही ते इथे बायकांनी रांगा लावून, झेंडे धरून मिळवले. त्यावर एक कादंबरी येईल म्हणून मी वाट पाहतो आहे.

पण त्या घरांतही आणि माझ्या मुलीच्या फ्लॅटमध्येही एक गोष्ट सारखीच राहिली आहे. ती नकाशा वाचल्याशिवाय दिसत नाही. पूर्वभागातले जुने घर म्हणजे खाली माग आणि वर बिऱ्हाड. कमाई आणि जेवण एकाच छपराखाली. माझी आई पन्नास वर्षे पडवीत बसून हजाराच्या हिशेबाने विड्या वळत आली. फ्लॅटच्या नकाशात 'लिव्हिंग', 'डायनिंग', 'मास्टर बेड' आहे. काम करण्याच्या जागेला नाव नाही. माणूस बाहेर कमावतो आणि इथे फक्त राहतो, असे तो नकाशा गृहीत धरतो. मुलगी बँकेत आहे, तिला ते जमेल.

नोंदणी झाली त्या संध्याकाळी मी आईला मसुदा तेलुगूत उलटवून सांगितला. मुलीच्या एकटीच्या नावावर घर घेतले म्हणून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळाली, हे ऐकून ती खूश झाली. 'बाईचं नाव लावलं की पैसे वाचतात होय,' असे म्हणून तिने ते दोनदा विचारून घेतले. मग नकाशा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि विचारले, 'सूप कुठं ठेवायचं?'

मुलीने बोट ठेवले. ड्राय बाल्कनी, तीन फूट बाय सहा फूट.

आईने जमिनीवर वीत टाकून मापले. 'पाय पसरून बसता येत नाही,' ती म्हणाली, 'पण उजेड असला तर बसीन.'